हिरीबाईची पाखरं आणि माझी फक्की

हिरीबाईचा मला पहिल्यांदा राग आला तो भर वर्गात, आणि आला तो तिचं बरोबर होतं म्हणून. समोरचा चुकला असता तर मी एवढी चिडले नसते. कामरगावची आहे मी, आमच्या घरात सगळ्यांच्याच नाकावर राग. त्यात बारा वर्षं मास्तरकी केलेली, म्हणजे कोणी मधे बोललं की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो. मारत नाही हो कोणाला, टेबलावर आपटते.

मेडशीपासून चार किलोमीटरवर तांडा, तांड्याला लागून तलाव आणि तलावाच्या पाळीखाली आमची जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग, एकतीस पोरं, दोन शिक्षक. त्यातली एक मी, मंजुषा मॅडम. हिरीबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. वय विचारलं तर म्हणते, "साठ लिवा, मोजलं कोनी?" अंगानं काटक, कपाळावर गोंदण, पदर कायम खोचलेला. आवाज असा, की पाळीवरून हाक मारली तर तांड्यातली झोपलेली कुत्री उठून बसतात. पोरं तिला हिरीयाडी म्हणतात. याडी म्हणजे त्यांच्या गोरमाटी बोलीत आई.

त्या दिवशी मी फळ्यावर 'पाणथळ जागा व तेथील अधिवास' असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. प्रशिक्षणात मिळालेला रंगीत तक्ता भिंतीला टांगला होता. एका चित्रावर पट्टी ठेवून म्हटलं, "हे बदक. आता मला सांगा, बदकाचा अधिवास कोणता?" पोरं भिंतीवरच्या पालीकडे बघत बसली. तेवढ्यात दारातून आवाज आला. हिरीबाई उभी होती, हातात खिचडीचा सराटा.

"मॅडम, बदक नोय ते. टिबुकली हाये."

"खाली बदक लिहिलंय, हिरीबाई."

"लिवनाऱ्यानं तलाव पाह्यला नसन मंग."

पोरं खो खो हसली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तुम्हीच दाखवा ना!" मी ओरडले. मला वाटलं, बाई वरमेल. ती कसली वरमते! "चाला," म्हणाली, आणि सराटा खिडकीत ठेवून निघालीसुद्धा. तिच्यामागे एकतीस पोरं, त्यांच्यामागे तणतणत मी. पाळीवर चढेस्तोवर मला धाप लागली.

"ते पा. चिमटीएवढी शेपटी बी नाई तिले." पाण्यावर मुठीएवढं तपकिरी काहीतरी तरंगत होतं. बघता बघता ते गायब झालं. "बुडली! आता बोट दाखवून सांगा, कुठी निंगते!"

एकतीस बोटं एकतीस दिशांना. एवढा आरडाओरडा मी आमच्या क्रीडास्पर्धेत ऐकला नव्हता. टिबुकली निघाली ती भलतीकडेच, दूर पाणवनस्पतींच्या कडेला. पुन्हा बुडली. पुन्हा बोटं. चौथ्या वेळेला माझंही बोट वर होतं आणि मी "तिकडे, तिकडे!" म्हणून ओरडत होते. साफ चुकले. चौथीतली रेणू बरोबर निघाली आणि अख्ख्या पाळीवर नाचली.

तेव्हापासून दर शनिवारी आमचा वर्ग तलावावर. राग विसरले का? छे! राग होताच. पण अहो, मजाच एवढी यायची की रागवायला सवड मिळेना.

हिरीबाई हे शिकली कुठे, ते मला हळूहळू कळलं. लहानपणी ती याच तलावात म्हशी धुवायची. लग्नानंतर सतरा हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. कंबर धरायला लागली तसं जाणं सोडलं आणि गाळपेर धरली. संक्रांतीनंतर तलावाचं पाणी मागे सरकायला लागतं, उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक पेरतात, ती गाळपेर. हिरीबाई तिथे टरबूज आणि काकडी लावते. पाणी आठवड्याला चार पावलं मागे जातं, तिची वाफ्यांची ओळ चार पावलं पुढे. राखणीला तासन्‌तास बसायचं, आणि बसल्याजागी बघण्यासारखं काय, तर पाखरं. "मले अक्षर नाई येत," ती म्हणायची, "पन कोन कुठी बसते, अन् काहून बसते, ते येते."

आणि शिकवायची कशी! एका शनिवारी तिनं पोरांना काठावर उभं केलं. "लांब टांगाचे पान्यात जा. मध्यम टांगाचे चिखलात. आखूड टांगाचे कोरड्यावर." पोरं टांगा मोजत धावली. सगळ्यात उंच पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहिली, ती शेकाटे झाली. चिखलात उभी ती तुतवार. कोरड्यावरची चिल्लीपिल्ली टिटव्या. मग तिनं मूठभर शेंगदाणे हवेत फेकले. ज्याच्या पायाशी पडले त्यानंच वाकून उचलायचे, दुसऱ्याच्या जागेत जायचं नाही. "पाह्यलं? येकाच तलावात सारे जेवतात, भांडन नाई. ज्याची त्याची टांग, ज्याची त्याची जागा."

"याला अधिवास म्हणतात," मी घाईघाईनं म्हटलं.

"म्हनत असन," हिरीबाई म्हणाली.

मी तो शब्द सोडणार नव्हते. पुढचे तीन आठवडे मी पोरांकडून घोकून घेतला. हिरीबाई चुलीपाशी बसून गालातल्या गालात हसायची.

मग एप्रिल आला. सकाळची शाळा सुरू झाली, पाणी निम्म्याहून खाली गेलं आणि तलावाच्या मधोमध, पायी जाता येईल असा, एक उंचवटा उघडा पडला. एका शनिवारी हिरीबाई आम्हाला तिथे घेऊन गेली. "हळू. पाय पाहून ठेवा. जठी मी ठेवतो तठीच."

मला तर नुसता खडकाळ मुरूम दिसत होता. एवढ्यात समोरून एक करडं पाखरू उठलं, दहा पावलांवर पडलं आणि पंख मोडल्यासारखं फरफटत जायला लागलं. मी धावलेच. "अरे, लागलंय त्याला!"

"उभ्या राहा मॅडम! नाटक करून राह्यलं ते. तुमाले लांब नेऊन राह्यलं." ती गुडघ्यावर बसली. "आता खाली पा."

खाली बघते तर माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर दोन अंडी. हुबेहूब मुरमाचे खडे. घरटं म्हणाल तर काडीसुद्धा नाही. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर? पोरांनी तोंडावर हात दाबून धरले होते, पण डोळे असे मोठे झाले होते सगळ्यांचे! हिरीबाई या पाखराला मातीपाखरू म्हणते. पुस्तकात त्याचं नाव पाणभिंगरी. आम्ही मोजली, त्या उंचवट्यावर चौदा घरटी होती. आणि ऊन चढल्यावर काय दिसलं माहीत आहे? पाखरू उडून पाण्यावर जातं, पोटाची पिसं भिजवून येतं आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतं. त्रेचाळीस डिग्रीत अंडी शिजू नयेत म्हणून! रेणूचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहते. तिनं त्याच दिवशी माझ्या फोनवरून आईला सांगितलं, "तू येशीन तवा पिल्लं दाखवतो तुले. पक्कं."

इथवर सगळं झकास होतं. आता माझा पराक्रम ऐका.

मला धास्ती बसली, की कोणाची म्हैस, कोणाचा पाय या अंड्यांवर पडेल. शाळेत क्रीडास्पर्धेतली फक्की उरली होती. फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची चुन्याची पांढरी पूड. मी ठरवलं, प्रत्येक घरट्याभोवती फक्कीचं मोठं गोल मारायचं. लांबून दिसलं पाहिजे.

हिरीबाई म्हणाली, "मॅडम, नोका करू. त्या पाखरानं अंडं दिसू नाई म्हनून जीव टाकला, अन् तुमी त्याले पांढरं कुंपन घालता. पोट्ट्यायले पावलानं मोजून जागा पाठ करू द्या."

पोरं तिच्याकडे बघायला लागली, मग माझ्याकडे. पुन्हा तेच, सगळ्यांसमोर. माझं डोकं सणकलं. "हिरीबाई," मी म्हटलं, "तुम्ही खिचडी बघा."

तिनं पदर आणखी घट्ट खोचला आणि पाळ चढून गेली. आम्ही चौदा गोल मारले. छान गोल आले होते. पुढचा आठवडाभर हिरीबाई वर्गाच्या दाराशी आली नाही. खिचडी वेळेवर, चव तीच, बोलणं नाही. रेणूनंसुद्धा माझ्याशी बोलणं टाकलं. मनातून मला माहीत होतं मी वाईट बोलले, पण जीभ काही वळेना.

शुक्रवारी संध्याकाळी मेडशीच्या स्टँडवर भाजी घेत होते, तर शालिग्रामभाऊ भेटले. मोठे शेतकरी, सोयाबीन-तुरीवाले, गावात शब्दाला मान. एकदम खुशीत होते. "मॅडम, उद्या तुमच्या शाळेमागं जेसीबी लागते! तलावातला गाळ काढून शेतात टाकतो. केनवडचा बबलू येऊन राह्यला मशीन घेऊन. बावीस ट्रॅक्टर सांगतले. साहेब जागा आखाले येतो येतो म्हने, मले वाटे येत नाई. पन येऊन गेला बरं! मस्त फक्कीचे गोल मारून गेला. चौदा!"

माझ्या हातातली वांगी खाली पडली. आमच्याकडे घराचा पाया खणायचा असो की विहीर, आधी फक्की पडते. फक्की पडली म्हणजे इथे खणा. लहान पोराला ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी, इथलीच मुलगी, चौदा घरट्यांच्या जागांवर खणा म्हणून लिहून आले होते.

"भाऊ, ती फक्की माझी आहे! तिथे पाखरांची अंडी आहेत!"

ते आधी हसले. मग गंभीर झाले. "मॅडम, मशीन येकच दिवस हाये, परवा ते रिसोडकडं जाते. माह्या वावरात दरसाल पाऊस पडते अन् माती वाहून जाते. अंड्यासाठी गाळ सोडू काय? तुमीच सांगा." काय सांगणार मी? त्यांचंही खोटं नव्हतं.

स्कूटी तशीच तांड्याकडे वळवली. दिवस अजून मावळला नव्हता. हिरीबाई अंगणात भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "या मॅडम. खिचडी तं म्या पाह्यली आज."

मी मटकन खाली बसले. "चुकलं माझं, हिरीबाई. बोलायला नको होतं. आणि फक्कीही मारायला नको होती." आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता रडायलाच लागले. एरवी मी रडत नाही.

तिनं भाकरी उलटली. "कुठी खंदनार म्हनता? उंचवट्यावर?" मी मान हलवली. तर बाई हसायला लागली! "शालिग्रामभाऊले तठी गाळ पायजे? डोळे पुसा. सक्काळी सहाले पोट्टे घेऊन या. अन् घरी सब्बल असन तं आना, माही वाकली."

सकाळी पावणेसहाला पोचलो तरी मशीन आमच्या आधी हजर. ट्रॅक्टरांची रांग पाळीवरून उतरत होती. पहिला ट्रॅक्टर उंचवट्याच्या कडेवर चढला होता आणि दोन गोल त्याच्या चाकाखाली गेले होते. वर पाखरं ओरडत घिरट्या घालत होती. रेणू किंचाळून धावली, मी तिचा हात घट्ट धरला. दोन घरटी गेली. ती माझ्यामुळे गेली, मी हे कोणाला सांगताना लपवत नाही. तिसऱ्या गोलासमोर जेसीबीनं सोंड उचलली होती.

"ए बबलू! थांबव!" हिरीबाईचा तो आवाज. मशीनच्या आवाजावरून गेला. बबलूनं खरंच थांबवलं. ती सरळ शालिग्रामभाऊंकडे गेली आणि मी आणलेली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, त्यांच्या हातात दिली. "भाऊ, गाळ पायजे ना? मारा अठी. गोलाच्या बाहीर मारा."

भाऊंनी सब्बल हाणली. खण्ण! वीतभर गेली आणि मुरमावर आदळली. दुसरीकडे हाणली. खण्ण! ट्रॅक्टरवाले पुढे सरकून बघायला लागले.

"हे टाकता वावरात? मुरूम?" हिरीबाई म्हणाली. "चाला माह्यासंग."

ती पुढे, मागे भाऊ, त्यांच्यामागे ट्रॅक्टरवाले आणि आमची पोरं. नाला तलावात उतरतो त्या तोंडापाशी ती थांबली. "अठी माही म्हैस फसली होती. मारा." भाऊंनी सब्बल हाणली आणि ती लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. भाऊ पुढे झुकून पडता पडता वाचले. पोरं ओरडली, "गेली! गेली!" भाऊंनी मूठभर काळा गाळ उचलला, बोटांनी चोळला, वास घेतला. लहान पोरासारखा चेहरा झाला त्यांचा.

"बाप्पा! सोनंच हाये हे! बबलू, मशीन इकडं घे रे!" मग वळून म्हणाले, "हिरीबाई, तिकडं गाळ नाई हे तुले कसं समजलं?"

हिरीबाईनं रेणूकडे बोट केलं. रेणू पुढे आली, अजून डोळे ओले. "काका, ते पाखरू मुरमावरच अंडी घालते. अंडी मुरमाच्या रंगाची हायेत ना? काळ्या गाळात लगेच दिसतीन, कावळा खाऊन जाईन. जठी त्याचं अंडं तठी मुरूम, तठी गाळ नाई." आणि छाती फुगवून म्हणाली, "अधिवास म्हनतात त्याले."

अहो, मी काय सांगू! मला नाचावंसं वाटलं. हिरीबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आला बरं तुमचा शबुद कामाले. जा आता, फक्की आना."

मी धावले. एवढ्या वर्षांत अशी धावले नव्हते. फक्कीची गोणी पोटाशी धरून पाळीवरून घसरत आले आणि नाल्याच्या तोंडाशी ती जिथे बोट दाखवेल तिथे मी रेघ मारत गेले. "अठी मारा. वाकडी झाली मॅडम, सरळ मारा." मी मुकाट्यानं सरळ मारली. मग तिनं पोरांना पाळीच्या पायथ्याशी ओळीनं उभं केलं, म्हणजे ट्रॅक्टर उंचवट्याकडे वळू नयेत. "लांब टांगाचे मांगं, आखूड टांगाचे समोर!" एकतीस पोरं हात धरून उभी. बावीस ट्रॅक्टर त्यांना बघून वळले. ऊन चढल्यावर पोरांना सावलीत बसवलं आणि त्यांच्या जागी मी उभी राहिले, दुपारी दोनपर्यंत. नाक भाजून निघालं माझं.

बारा घरटी वाचली. पुढच्याच आठवड्यात पहिलं पिल्लू निघालं. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते खड्यांमधून तुरुतुरु पळत होतं, थांबलं की दिसेनासं व्हायचं. पोरं खाली वाकून शोधायची आणि सापडलं की श्वास रोखून एकमेकांचे हात दाबायची. रेणूची आई परत आली ती आधी घरी गेली नाही. डोक्यावरचं बोचकं पाळीवर ठेवून लेकीमागे तलावात उतरली.

त्यानंतरच्या शनिवारी मी फळा स्वच्छ पुसला आणि वर लिहिलं, 'परिसर अभ्यास'. खाली शिक्षकाचं नाव लिहायचं असतं. तिथे लिहिलं, 'हिरीबाई'. रेणूनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हिरीबाई दारात उभी होती, हातात सराटा. तिनं तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"अन् मंग खिचडी?" ती म्हणाली.

मी तिच्या हातातला सराटा घेतला. "खिचडी मी बघते."

ती खुर्चीवर बसली नाही, पोरांमध्ये जमिनीवर बसून शिकवत होती. मी चुलीपाशी धुरानं डोळे चोळत होते आणि अर्धं लक्ष वर्गाकडे. करकोचा पाण्यात पाय का हलवतो ते ती सांगत होती. ऐकता ऐकता हलवायचं राहून गेलं आणि खिचडी खाली लागली. अशी करपली की वास पाळीपर्यंत गेला.

पोरांनी खाल्ली, तोंडं वाकडी करून. हिरीबाईनंही ताट घेतलं, भिंतीला टेकून शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. मी समोर उभीच होते.

"सारकी हलवा लागते, मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या शनवारी बी तुमीच करा. शिकसान."